दोन ‘ख’

दीनानाथांना माणसं ओळखू येत नसत, लाकडं येत. वर्षभरापूर्वी भेटलेल्या साडूला ते “आपण कोण?” म्हणून विचारत, पण कुणाकडे चहाला गेले की बसायच्या आधी खुर्चीला नख लावून बघत आणि “सागवान म्हणून दिलंय ना तुम्हाला? फसवलंय!” असं सांगून यजमानाच्या तोंडची चव घालवत. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी तळेगावच्या घरी गॅरेजमध्ये लेथ बसवली आणि मोटार रस्त्यावर काढली. तेव्हापासून कॉलनीत त्यांचं नाव ‘कातारीकाका’ पडलं. लाकूड कातून गोल वस्तू घडवणारा तो कातारी. नाव चेष्टेनं ठेवलं होतं, पण दीनानाथांनी ते पदवीसारखं मिरवलं.

त्यातही त्यांचा जीव कोरड्या मुलखातल्या लाकडांवर. “मावळातली झाडं लाडावलेली,” ते म्हणत. “चार महिने ढग येऊन तोंडात पाणी घालतो. वाळवंटातल्या झाडाला घोट मिळाला तर मिळाला. म्हणून ते सावकाश वाढतं आणि लोखंडासारखं होतं.” हे ऐकताना त्यांची बायको वासंती नेमकी काहीतरी निवडत असे, आणि मान खाली घालून ते निवडतच राही.

एकुलत्या एक आसावरीचं लग्न ठरलं. मुलगा कार्ल्याचा, निलेश. दोघं वराळ्याजवळच्या एकाच कारखान्यात कामाला, तिथेच जमलेलं. निलेशच्या घरी भाताची शेती, चार म्हशी आणि पंगतीला रोज चौदा-पंधरा पानं. आसावरी वाढली तीन पानांच्या घरात. एवढ्या गोतावळ्यात आपली पोर पहिल्यांदा उभी राहील तेव्हा तिच्या हातात आपल्या हातचं काहीतरी असावं, असं दीनानाथांच्या मनानं घेतलं. दागिने काय, कपाटात जातात. रोज हाताला लागेल अशी वस्तू एकच. लाटणं.

नागौरच्या एका जुन्या मित्रानं त्यांना खेजडीचा एक ठोकळा पाठवला होता. तिकडे खेजडीला कुऱ्हाड लावत नाहीत. ही वादळात आपोआप उन्मळलेली, हे मित्रानं दोनदा फोन करून बजावलं होतं. आणि धुळ्याकडच्या माळावरच्या खैराचं एक तुटकं मुसळही त्यांच्याकडे कधीचं पडलेलं. त्यांनी दोन्हींची दोन लाटणी कातली. एक लेकीला, एक बायकोला. ती तेल-मेण पिऊन झाली, तेव्हा दोन जुळी बाळं शेजारी निजवावीत तशी दिसायला लागली. तोच काळपट तांबूस रंग, तोच भार. बादलीत सोडली तर दोन्ही दगडासारखी तळाला. घोटाळा होऊ नये म्हणून दीनानाथांनी प्रत्येकाच्या टोकाला झाडाच्या नावाचं पहिलं अक्षर बारीक कोरलं. खेजडीवर ‘ख’. आणि खैरावर, अर्थातच, ‘ख’.

हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा लग्नाला दोन दिवस उरले होते. “असू दे,” ते वासंतीला म्हणाले. “मला काय, भिंग लावलं की कळेल.”

“भिंग लग्नात न्यायचं नाही,” वासंती म्हणाली. “व्याह्यांच्या दाराच्या चौकटी तपासत हिंडाल.” आणि त्यातलं वरचं लाटणं उचलून तिनं रुखवताच्या टोपलीत टाकलं.

लग्न कार्ल्यात, निलेशच्या दारातल्या मांडवात, शनिवारी गोरज मुहूर्तावर. मुलीकडची मंडळी सकाळीच पोचली. पडवीत रुखवत मांडलं गेलं. साखरेची तुळस, गव्हल्यांची परडी, आसावरीच्या मावशीनं लोकरीतून विणलेला ससा, जो कुत्र्यासारखा दिसत होता, आणि मधोमध लाल फडक्यावर लाटणं.

निलेशची थोरली चुलती कस्तुराबाई रुखवत बघायला आली. त्या घरात सासूनंतर तिचाच शब्द चाले. निलेशची आई सविताही “थोरल्या जाऊबाईंना विचारा” म्हणून मोकळी होई. कस्तुराबाईनं तुळशीकडे बघितलं, सशाकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि लाटणं उचललं.

“आगं बया! वजन हाय की!” ती म्हणाली. तिनं ते हवेत फिरवलं, तळव्यावर घोळवलं, गालाला लावलं. “कुनी केलं?”

“मी,” दीनानाथ म्हणाले. त्यांची छाती इतकी फुगली की नव्या कुर्त्याचं वरचं बटण ताणलं.

“पाव्हणं, हात हाय तुमच्याकडं. ठरलं मग. उद्या सकाळी नव्या नवरीनं पयली पुरनपोळी ह्याच लाटण्यानं लाटायची. समद्या भावकीसमोर.” मग ती सहज म्हणाली, “कुटलं लाकूड म्हनायचं?”

आयुष्यभर ज्या प्रश्नाची वाट बघितली तो प्रश्न आला आणि दीनानाथांना उत्तर देता येईना. “खैर,” ते म्हणाले. “म्हणजे, खैर किंवा… कोरड्या मुलखातलं आहे.”

“कुटलंबी असंना का. सौंदड नसली म्हंजी झालं.”

“सौंदड?”

“आमचं देवक हाय ते.” कस्तुराबाईनं मांडवाच्या मेढीकडे बोट केलं. तिथे आंब्याच्या पानांबरोबर एक काटेरी फांदी बांधली होती. “आमच्या कुळानं त्या झाडाला कुऱ्हाड लावायची न्हाई, जाळायचं न्हाई, त्याच्या पाटाव बसायचं न्हाई का त्याचा पळा चुलीपाशी आनायचा न्हाई. फकस्त लग्नात त्याची फांदी आनून पुजायची, मग पोरगा नवरदेव हुतो. माझ्या चुलतसासऱ्यानं एकदा बाजारातनं खाट आनली. नंतर कळलं, माचव्याला सौंदड हाय. उभ्या उभ्या परत दिली, आन् वर्षभर घरात त्याच्याशी कुनी धड बोललं न्हाई.”

दीनानाथांच्या घरी देवक म्हणजे सुपात मांडलेल्या सुपाऱ्या. झाडाचं देवक त्यांना ऐकून माहीत होतं, एवढंच. त्यांनी विचारलं, “हे सौंदड म्हणजे नेमकं कोणतं झाड?”

“घ्या! दसऱ्याला पुजत्यात ती. शमी वो.”

शमी. मावळात सौंदड, पोथीत शमी आणि राजस्थानात खेजडी. दीनानाथांच्या तोंडचं पाणी पळालं.

त्यांनी वासंतीला हाताला धरून पाण्याच्या टाकीमागे नेलं आणि सगळं सांगितलं. वासंतीनं शांतपणे ऐकलं. “म्हणजे उद्या आपली पोर भावकीसमोर त्यांच्या देवावर कणीक लाटणार?”

“खेजडीचं असेल तर. खैराचं असेल तर काही नाही.”

“मग कोणतं आहे?”

“ख,” दीनानाथ म्हणाले.

लाटणं गुपचूप उचलून पिशवीत घालायचं ठरलं. स्वतःचीच वस्तू चोरायची पाळी! पण पडवीत जाऊन बघतात तो लाल फडकं रिकामं. हळद सुरू झाली होती आणि कस्तुराबाई लाटणं घेऊन मांडवभर हिंडत होती. “आमच्या इवायानं सोता केलंय,” असं म्हणत ती ते एकेकीच्या हातात देत होती आणि बायका पिवळ्या हातांनी ते जोखत, “लय भारी गं!” म्हणत होत्या. निलेशच्या कानापर्यंत हळद गेली होती. आसावरी पिवळीधमक होऊन हसत होती. एवढी हसताना दीनानाथांनी तिला दहावीच्या निकालालाही बघितलं नव्हतं. ते हसू उद्या सकाळी पुसलं जाईल आणि ते पुसणारा हात आपला असेल, या विचारानं त्यांना तिथे उभं राहवेना. ते मेढीपाशी जाऊन टेकले.

समोर ती फांदी. मनगटाएवढी जाड, खाली काळपट गाभा दिसत होता. निदान ओली शमी नीट बघून घ्यावी, म्हणून त्यांनी चष्मा वर सरकवला. पान बघितलं. काटे बघितले. पुन्हा बघितले.

ही शमी नव्हतीच. शमीचे काटे आखूड असतात आणि फांदीभर कुठेही विखुरलेले असतात. इथे जिथे पान तिथे काट्यांची जोडी, सैनिकांसारखी. ही वेडी बाभूळ होती. ओढ्याकाठी, रेल्वेच्या कडेला, उकिरड्यावर, न बोलावता उगवणारी. दिसायला शमीची सख्खी बहीण, म्हणून भले भले फसतात.

आता बघा दीनानाथांची गंमत. ज्या माणसानं परक्यांची सागवानी कपाटं बिनदिक्कत खोटी ठरवली, त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की गप्प बसावं. कुणाला कळणार होतं? बोलावं तर भर मांडवात व्याह्यांचं देवक खोटं ठरवल्यासारखं होणार, वर आपल्या लाटण्याचं बिंग आहेच. न बोलावं तर आपली पोर वेड्या बाभळीला साक्षी ठेवून या घरात शिरणार, आणि ते एकट्या आपल्याला माहीत असणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ते दोनदा पडवीपर्यंत गेले आणि दोनदा परत आले. तिसऱ्यांदा कस्तुराबाईच समोर आली. लाटणं तिनं कमरेला खोचलं होतं.

“पाव्हणं, हळद का लावली न्हाई? त्वांड का पडलंय?”

“कस्तुराबाई, जरा गोठ्याकडे येता?” दीनानाथ म्हणाले.

म्हशींच्या साक्षीनं त्यांनी आधी फांदीचं सांगितलं. कस्तुराबाईनं लगेच दारातून हाक मारली, “महिपती, जरा हिकडं ये. आन् येताना मेढीचा येक काटा मोडून आन.”

महिपती तिचा धाकटा दीर. फांदी आणणारा तोच, आणि फांदी कशी आणली ही गोष्ट सकाळपासून त्यानं प्रत्येक पाहुण्याला ऐकवली होती. तो आला, हातात काट्यासकट डहाळी. “इंदापूरच्या पल्याडनं आनलीय, वैनी. ह्या पावसाच्या मुलखात कुटं सौंदड? मोटरसायकलनं गेलतो. धनगराला इचारलं, त्यो म्हनला हीच.”

“तू काय म्हनून इचारलंस?”

“म्हनलं, हीच सौंदड न्हवं का?”

“मंग त्यो व्हयच म्हननार की. सांजच्या पारी येवढ्या लांबनं आलेल्या मानसाला न्हाई कोन म्हनंल?” कस्तुराबाईनं डहाळी दीनानाथांना दिली. दीनानाथांनी काट्यांची जोडी दाखवली. महिपतीनं ती बघितली, गोठ्याच्या कडेला उगवलेलं वेड्या बाभळीचं झुडूप बघितलं, पुन्हा हातातली डहाळी बघितली. मग तो गव्हाणीच्या कडेवर मटकन बसला.

“वैनी, म्या सव्वाशे कोस जाऊन ही आनली,” तो म्हणाला, “आन् ही गोठ्यामागंच व्हती?”

कस्तुराबाईच्या खांद्यांना आधी कंप आला. मग तिनं पदर तोंडात कोंबला. पण हसू काही आवरेना, शेवटी ती गव्हाणीला धरून हसली, आणि महिपतीही कपाळावर हात मारून हसला. दीनानाथांना हसावं की नाही कळेना. हसून झाल्यावर मात्र तिचा चेहरा उतरला. “आता काय करायचं? माझ्या लग्नात सौंदडीपुढं हात जोडले तवा ह्ये घर माझं झालं. तुमच्या पोरीला म्या काय सांगू?”

वासंती शोधत आली होती. ती म्हणाली, “तळेगावला नर्सरीत मिळते की शमी, कुंडीतली.”

“कुंडीतली कवळी कांडी चालत न्हाई, ईहीनबाई. मनगटायेवढं, काळा गाभा धरलेलं लाकूड लागतं. रीत हाय.”

“मी इंदापूरला पुना जातो,” महिपती उठला.

“आज शनवार हाय,” कस्तुराबाई म्हणाली. “मुंबईची समदी मोटारी घिऊन चिक्की खायाला आल्यात. तू उर्शाच्या टोलनाक्यापत्तुर पोचंस्तवर हितं पोरांचं बारसं हुईल.”

दीनानाथांनी घसा खाकरला. आता जे सांगायचं होतं त्यासाठी दुसरी वेळ मिळणार नव्हती.

“शमी आहे,” ते म्हणाले. “म्हणजे कदाचित आहे. पिकलेली, काळ्या गाभ्याची. कस्तुराबाई, तुमच्या कमरेला आहे.”

आणि त्यांनी दुसऱ्या ‘ख’ची गोष्ट सांगितली.

कस्तुराबाईनं लाटणं सावकाश कमरेतून काढलं. मघाशी जे तिनं गालाला लावलं होतं, ते आता तिनं दोन्ही हातांच्या ओंजळीत धरलं. “कापली व्हती का हिला?”

“नाही. वादळात पडली. तिकडेही तिला कुऱ्हाड लावत नाहीत.”

“मंग आपल्यावानीच मानसं हायत ती,” ती म्हणाली. “पर ती हीच, का खैर? ते कसं कळायचं?”

इथे दीनानाथांना भिंगाची आठवण झाली आणि त्यांनी वासंतीकडे असं बघितलं की तिनं लगेच म्हशीकडे बघितलं. पण अडचणीत माणसाची बुद्धी चालते. कस्तुराबाईच्या कमरेला लाटण्याशेजारी आणखी एक वस्तू लटकत होती. पानाची चंची.

“चुना आहे?” दीनानाथांनी विचारलं.

“हाय की. तंबाखू मळून दिऊ?”

“तंबाखू नको. कात कशाचा करतात? खैराचा. कात आणि चुना एकत्र आला की पान रंगतं. लाकूड खैराचं असेल तर खरवडून, ओलं करून चुना लावला की तांबडं होईल. शमी असेल तर रंगणार नाही.”

गोठ्यात एव्हाना मांडव लोटला होता. लग्नघरात चार माणसं बाजूला गेली की चाळीस मागून येतातच. कस्तुराबाईनं विळ्यानं लाटण्याचं कोरं टोक खरवडलं, अंगठ्यानं पाणी लावलं, बोटभर चुना घासला. सगळ्या माना पुढे आल्या. सकाळी ज्यानं ‘देवा, खैर असू दे’ म्हटलं होतं, तोच माणूस आता ‘देवा, खैर नको’ म्हणत होता. देवालाही कधी कधी नाकी नऊ येत असतील.

चुना पिवळसर झाला. मग केशरी. मग लालभडक.

“खैर,” कुणीतरी म्हणालं. मांडवानं सुस्कारा सोडला. दीनानाथांनी डोळे मिटले. दोन तासांपूर्वी ज्या रंगानं त्यांचा जीव भांड्यात पडला असता, त्यानंच आता जीव गेला. महिपती दीनवाणं म्हणाला, “मोटरसायकल काढू का?”

“थांबा,” वासंती म्हणाली.

तिनं पुढे होऊन कस्तुराबाईचा हात धरला आणि सगळ्यांना दाखवला. कोपरापर्यंत पिवळा. “अहो, कुंकू कसं करतात? हळदीला चुना लावून! लाकूड नाही रंगलं, हळद रंगली. सकाळपासून सगळ्या मांडवानं हळदीच्या हातांनी चोळलंय ते!”

असा गलका उठला की म्हशींनी दावी ताणली. दीनानाथांनी बायकोकडे बघितलं. बत्तीस वर्षं ती खाली मान घालून निवडत होती, तेव्हा सगळं ऐकत होती तर!

आता सगळं पुन्हा, नीट. सविता साबण घेऊन आली. वासंतीनं हात तीनदा धुतले, लाटणं धुतलं, दुसरं टोक धुतलं. विळा धुतला. चुन्याची नवी डबी फोडली. आणि दीनानाथांच्या सांगण्यावरून आधी चंचीतल्या काताच्या खड्यावर चुना लावून बघितला. तो लगेच पान खाल्लेल्या ओठांसारखा रंगला. म्हणजे चुना चोख. मग वासंतीनं ‘ख’च्या बाजूचं टोक खरवडलं, पाणी लावलं, चुना घासला.

पांढरा.

वाट बघितली. कुणीतरी शिंकलं, त्याला दहा जणांनी गप्प केलं. चुना वाळत आला, किंचित मळका झाला, पण पांढरा तो पांढराच राहिला.

“सौंदड!” कस्तुराबाई ओरडली, आणि चाळीस माणसांनी एका आवाजात तेच ओरडलं. मांडवातल्या बेंजोवाल्यांना वाटलं नवरदेव निघाला. त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

तरी लग्नघर आहे, शंका निघणारच. ‘चुलीला लागलंय का?’ नाही, अजून पीठसुद्धा लागलं नव्हतं. ‘घडवलेलं चालंल का?’ “देवबी घडवलेलाच असतो,” कस्तुराबाई म्हणाली. मग महिपतीनं, इतका वेळ अपराध्यासारखा उभा असलेल्या महिपतीनं, खरी मेख मारली. “पर वैनी, देवक इवायानं आनलं. म्हंजी त्यांचं आन् आपलं देवक येक झालं. येका देवकाची पोरं भाऊ-भैन लागत्यात. मंग लगीन कसं लागायचं?”

निलेशच्या हळदीखालचा रंग उडाला. आसावरीनं त्याचा हात घट्ट धरला. सगळ्यांनी कस्तुराबाईकडे बघितलं. कस्तुराबाईनं दिराकडे असं बघितलं की हा मुद्दा काढायचं त्याला पुन्हा कधी सुचू नये.

“आनलं न्हाई, दिलं,” ती म्हणाली. “लाटनं रुखवतात मांडलं व्हतं का न्हाई? रुखवत लेकीसंगं येतं. आलेलं ह्या घराचं. मंग देवक आमचं, पोरगी आमची, आन् तू जाऊन अंगुळ कर. देवक तुलाच आनायचंय.”

आणि देवक नव्यानं आणलं गेलं. महिपती आणि त्याची बायको पदराला गाठ मारून मारुतीच्या देवळात गेली. सुपात तांदूळ, तांदळावर आंब्याची पानं, पानांवर हळद-कुंकू लावलेलं लाटणं. पुढे बेंजो, मागे सगळं गाव. महामार्गावरच्या एका बसमधल्या पोरानं खिडकीतून विचारलं, “काय चाललंय?” तर कुणीतरी ओरडून सांगितलं, “लाटण्याचं लगीन!” दीनानाथ नाचले. तळेगावच्या बँकेत अर्धी हयात घालवलेला माणूस कसा नाचेल तसेच नाचले, म्हणजे एक पाय नाचला आणि दुसरा हिशेब करत राहिला. पण नाचले. वेड्या बाभळीची फांदी मेढीवरून कुणी, कधी उतरवली, हे कुणाला कळलंही नाही. गोरज मुहूर्तावर अक्षता पडल्या तेव्हा मेढीला लाटणं बांधलेलं होतं, आणि आसावरीनं त्याच्यापुढे हात जोडताना बापाकडे चोरून बघून डोळा मिचकावला.

दुसऱ्या दिवशी देवक उठवायचं. पूजलेली फांदी इंद्रायणीत सोडायची, अशी रीत. हे दीनानाथांना सकाळी कळलं. मागितलं असतं त्यापेक्षा मोठा मान त्या लाकडाला मिळाला होता. आता ते देवाचं. पण त्यावर आपला हात महिनोन्महिने फिरला होता आणि ते पाण्यात टाकलं की पुन्हा वर येणार नव्हतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? पोरीचं लग्न लागताना आलं नव्हतं ते पाणी नदीकाठच्या पायवाटेवर त्यांच्या डोळ्यांत आलं. लाटणं घरात राहावं, एवढंच तर मागणं होतं.

कस्तुराबाई गुडघाभर पाण्यात उतरली. तिनं सुपातले तांदूळ सोडले. आंब्याची पानं सोडली. मग लाटणं हातात घेतलं, पाण्यात एकदा बुचकळलं, पदरानं पुसलं आणि परत सुपात ठेवलं.

“वैनी, त्येबी सोडायचं की,” महिपती म्हणाला.

“फांदी वाळती म्हनून सोडायची. ह्ये कधी वाळनार हाय? ह्ये देव्हाऱ्यात ऱ्हाईल. आता ह्या घरातलं परत्येक लगीन ह्याच्यासमोर लागंल, आन् तुला इंदापूरला जायाला नगो.” ती काठावर आली आणि दीनानाथांसमोर उभी राहिली. “पाव्हणं, तुमी लाटनं दिलं व्हतं. आमी ते चुलीपाशी न्हाई, देव्हाऱ्यात ठिवलं. तुमी पोरगीबी दिलीया. येवढ्यावरनं वळखा.”

दीनानाथ पोटभर रडले. वासंतीनं रुमाल दिला, तोही हळदीचा निघाला. घरी पुरणाचा वास सुटला होता आणि नवी नवरी लाटण्यासाठी खोळंबली होती, म्हणून निलेश मोटारसायकलवरून तळेगावला जाऊन दुसरा ‘ख’ घेऊन आला. कस्तुराबाईनं तो उंबऱ्यातच अडवला, टोक खरवडलं आणि चंची उघडली. हात तेवढे आधी साबणानं धुतले.